नायजेरियाच्या लाकडाचा पाळणा

औरंगाबाद,
दसऱ्यानंतरचा मंगळवार, सन १९८४

तीर्थरूप कडूबामामांच्या पायांना भाचा रामकिसन याचा जरा लांबूनच नमस्कार (कपाळाला सध्या मलम आहे, टेकवलं तर तुमचं धोतर खराब व्हायचं). देवगावला तुम्ही, मामी, बैलजोडी आणि तुमचा गुडघा यांची तब्येत कशी आहे ते कळवावं. गुडघ्याला तेल चोळता, का चोळलं म्हणून मामीला नुसतं सांगता? इकडं आम्ही खुशाल आहोत. म्हणजे आशा खुशाल आहे, आणि मी आता पुन्हा माणसासारखा दिसायला लागलोय. मधे दिसत नव्हतो. त्याचीच हकीकत लिहायला बसलो आहे, सावकाश वाचा.

आमच्या कारखान्यापासून (कारखाना म्हणजे तेच पत्र्याचं शेड, पण पाटीवर तसं लिहिलंय) दोन गल्ल्या सोडून मुकुंदराव म्हणून एक रिटायर झालेले मास्तर राहतात. त्यांचा मुलगा नायजेरियात शिकवायला होता. बाकीचे लोक तिकडून रेडिओ आणतात, घड्याळं आणतात, यानं जहाजातून फळ्या आणल्या. आता त्याच्या घरी पाळणा हलणार म्हणून मुकुंदरावांनी त्या फळ्या हातगाडीवर घालून माझ्याकडं आणल्या आणि याचाच पाळणा करा म्हणाले. मामा, लाकूड पाहून माझी नियत फिरली. पिकल्या जांभळासारखा रंग, रेषा अशा सरळ की जणू कुणी फणीनं विंचरलंय. मुलानं त्या लाकडाचं नाव मला दोनदा सांगितलं, दोन्ही वेळेला माझ्या जिभेवर ते टिकलं नाय. मी त्याला नायजेरियाच म्हणायला लागलो.

पहिल्या दिवशी मशीनवर फळ्या चिरल्या तेव्हा शिंका आल्या. मी म्हटलं, शेजारच्या गिरणीवाल्यानं मिरच्या दळायला घेतल्या असणार. तिथं जाऊन त्याला चार शब्द सुनावले. तो बिचारा ज्वारी दळत होता. दुसऱ्या दिवशी नाकातून पाण्याची तोटी सुटली, मनगटं खाजायला लागली. तिसऱ्या दिवशी उठलो तर डोळे उघडेनात. बोटांनी पापण्या फाकवून आरशात पाहिलं, तर आत कुणीतरी वेगळाच लठ्ठ माणूस उभा होता, आणि तो माझ्याकडं फार वाईट नजरेनं बघत होता.

आशाचं म्हणणं पडलं की दृष्ट लागली. (कुणाची आणि कशाला, हे मी विचारलं. माझ्या तोंडाला दृष्ट लागण्यासारखं लग्नाआधीही काही नव्हतं.) तिनं मीठ-मिरच्या उतरून शेगडीत टाकल्या. त्या धुरानं जी काय राहिली होती ती उजवी बाजूही सुजली. न्हाव्याकडं गेलो तर त्यानं मला खुर्चीत बसू दिलं नाय, म्हणाला आधी हे कांजण्यांचं आहे का ते बघा. सिटी बसमधे मात्र अख्खं बाकडं मिळालं. एवढा एकच फायदा मी मोकळ्या मनानं मान्य करतो.

मधेच फर्दापूरच्या एका हॉटेलाचे दरवाजे अडकतात म्हणून बोलावणं आलं. जुना साग होता. दिवसभर तासला, भुशानं डोक्यापासून पायापर्यंत माखलो, आणि एकही शिंक नाय. रात्री तिथंच राहिलो, सकाळी डोळे आपोआप उघडले. मला वाटलं दृष्ट उतरली. परत येऊन पाळण्याच्या दांड्याला पॉलिश पेपर लावला, आणि जेवायच्या आत पुन्हा तोच लठ्ठ माणूस. शिवाय या वेळेला छातीत शिट्टी वाजायला लागली. त्या शिट्टीला मात्र आशा घाबरली. ती मला हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेली. मी एवढा मोठा बाप्या, पण दिसत नसल्यामुळं मुकाट गेलो.

तिथं भानुमतीबाई म्हणून डॉक्टरीण होत्या. त्यांनी तोंडाकडं कमी बघितलं आणि सवाल जास्त केले. काय काम करता, कधी सुरू झालं, बाहेरगावी गेल्यावर काय होतं. फर्दापूरची हकीकत ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, या परदेशी लाकडाची धूळ तुमच्या अंगाला सोसत नाही. काही लाकडांच्या अंगातच असं काही असतं, आणि ज्याला नाही सोसत त्याला नाहीच. एकदा शरीरानं धसका घेतला की पुढच्या वेळेला चिमूटभर धूळही पुरे.

मामा, तुम्ही माझ्या हातात रंधा दिलात त्यानंतर मी दुसरं काहीच शिकलो नाय. मला शेती येत नाय, दुकान येत नाय, कुणाला साहेब म्हणायला येत नाय. मी विचारलं, "बाई, म्हणजे सुतारकी सुटली का?"

"हे लाकूड सुटलं," त्या म्हणाल्या. "साग कुठं सुटलाय?"

मी तिथंच रडलो. डोळे आधीपासूनच गळत होते म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाय. फक्त आशानं पदराचं टोक पुढं केलं.

मग औषधं दिली, छातीसाठी वेगळी, आणि हुकूम दिला की यापुढं कोणतंही लाकूड कापताना नाकावर नीट बसणारा मास्क, पुऱ्या बाह्यांचा सदरा, आणि भुसा कोरड्या झाडूनं उडवायचा नाय. आशानं शेड ओल्या फडक्यानं पुसून काढलं. (गंमत बघा, तिला त्या धुळीनं काहीसुद्धा झालं नाय. लाकूडही माणूस पारखून छळतं.) मी मास्क लावून दारात उभा राहिलो तर गिरणीवाल्यानं गल्ला बंद केला.

सगळ्यात अवघड काम पुढंच होतं. जी धूळ मला आडवी पाडते, त्या लाकडात मी तान्हं लेकरू कसं निजवू? डॉक्टरणीला विचारलं, तर त्या म्हणाल्या, पॉलिश केलेल्या लाकडाचा सहसा त्रास होत नाही, पण बाळ कठडा चघळणारच, मग कशाला ती परीक्षा. तसा मुकुंदरावांच्या घरी जाऊन उभा राहिलो. सांगितलं, हा पाळणा माझ्याच्यानं होणार नाय आणि दुसऱ्या कुणाकडूनही करून घेऊ नका. मास्तर म्हणाले, पोरानं बोटीतून एवढ्या लांबून आणलं, त्याला काय सांगू? मला त्यांच्या तोंडाकडं बघवेना. आधीच मला कमी दिसत होतं, तरी बघवेना.

आतून त्यांच्या मालकीण कालिंदीबाई आल्या. त्या तांदूळ निवडत होत्या, सूप हातातच. "पाळणा बाळासाठी आहे ना?" म्हणाल्या, "मग बाळाला चालेल त्या लाकडाचा करा." आणि लगेच सुचवलं की मास्तरांचा सागवानी पलंग आहे, तो मोडावा. मास्तरांनी विचारलं, मी कुठं झोपू? त्या म्हणाल्या, नातू झाल्यावर तुम्हाला झोप कोण देणार आहे. मामा, तोवर मुलगाही येऊन बाजूला उभा राहिला होता. तोच आधी हसला, मग मास्तर हसले. मी हसलो तेव्हा गाल दुखले, पण हसलो. नायजेरिया आता ताडपत्रीत गुंडाळून त्यांच्या गच्चीवर आहे आणि पलंग माझ्या शेडमधे.

मामींना नमस्कार. आशा तुम्हा दोघांना नमस्कार सांगते.

तुमचा भाचा,
रामकिसन

ता. क. लिहायचं राहिलं. छातीतली शिट्टी पुरती थांबेपर्यंत डॉक्टरणीनं मला करवतीला हात लावू नका म्हटलंय, सागासाठीसुद्धा. आणि मास्तरांच्या सुनेचे दिवस भरत आलेत. तेव्हा तुम्ही तुमचा रंधा आणि पटाशी घेऊन यावं. मी बाजूला बसून नुसतं बघीन.

पुन्हा ता. क. शहरात पाय ठेवणार नाय अशी तुमची जुनी शपथ आहे, माहीत आहे. आशा म्हणते, आमचं शेड हद्दीच्या इतकं कडेला आहे की त्याला शहर म्हणता येणार नाय. शेडच्या पाटीवर औरंगाबाद लिहिलंय, तिकडं लक्ष देऊ नये.

आणखी एक. हे पत्र ज्यानं आणून दिलंय तो जीपवाला कन्नडला माल टाकून संध्याकाळी परत तुमच्या दारावरूनच येणार आहे. मामींना निरोप आधीच पोचलाय, तुमची पिशवी भरून झाली असेल.