हाकेमागून घागर

प्रिय दादा,

तुझी विहीर आज वाजली. हे ज्याला सांगावं असा तू एकटाच होतास, म्हणून भांडी तशीच ओट्यावर टाकून लिहायला बसलेय. दोन्ही तळहात सोलवटलेत, पेन धरवत नाही. का ते पुढे सांगते.

आधी भांडण. दिवाळीनंतर खारी गावच्या विहिरीत स्पीकर सोडून टेप वाजवणार, सगळ्यांनी ऐकायला या, असं गावभर सांगून तू दिवाळीआधीच निघून गेलास. ही काय रीत झाली रे? शब्द तू द्यायचा आणि निस्तरायचं मी!

मागे काय ठेवलंस, तर टेपांनी भरलेली खोकी. तुझा आवाज ऐकायला मिळेल म्हणून मी ती उघडली. आमच्या शांती नगरातल्या पंपाची घरघर ऐकली. पाणी यायच्या आधी नळ खाकरतो ते ऐकलं. मिठागरावरचा वारा, शटर, भाजीवाल्याची हातगाडी, सगळं ऐकलं. तू मात्र कुठेच नाहीस! रेकॉर्डिंग करताना श्वाससुद्धा रोखून धरायचास. डबिंग स्टुडिओत जन्मभर दुसऱ्यांचे आवाज नीटनेटके करणाऱ्या माणसाला स्वतःचा ठेवायचं सुचू नये? मी चिडून टेप बंद करायची, आणि चहा पिऊन पुढची लावायची.

आठवतं, रविवारी आम्हा सोसायटीवाल्यांना रिक्षात कोंबून खारीला न्यायचास आणि भर रस्त्यात डोळे मिटून उभं करायचास? येणारेजाणारे बघून हसायचे. शेजारच्या शाहभाभी मला विचारायच्या, आपके भाई कान के डॉक्टर हैं क्या? तू म्हणायचास, ज्या जागेचा आवाज ओळखता येत नाही तिथे घर विकत घेतलं तरी आपण भाडेकरूच. गिरगाव सोडून इतकी वर्षं झाली तरी मी ‘आमच्याकडे’ म्हणजे गिरगावच म्हणायची, त्यावरून हा टोमणा असायचा. मला सगळं पुस्तकी वाटायचं.

मग एका टेपवर यशवंतीकाकी सापडल्या. विहिरीशेजारच्या घरातल्या. त्या सांगत होत्या, पाणी स्वच्छ राहावं म्हणून त्या विहिरीत पूर्वी कासव सोडलं होतं, आणि कळशी त्याच्या पाठीवर आदळू नये म्हणून बायका आधी वाकून हाक मारायच्या, मगच दोरी सोडायच्या. घरोघरी नळ आले आणि हाक थांबली. तुझ्यासाठी काकींनी ती पुन्हा मारून दाखवली होती. त्यानंतर त्या कुणालातरी दटावतात, आता तू मार. आणि दादा, घसा खाकरून तू बोललास! बातम्या वाचल्यासारखा म्हणालास, “खाली बस गं बाई, घागर येतेय.” काकी खो खो हसतात. हाक मारलीस तर आता घागर सोड, म्हणतात. कळशी घेऊन पुढच्या रविवारी येतो, असं तू म्हणतोस, आणि टेप संपते.

पुढचा रविवार तुला मिळालाच नाही.

तुझा आवाज एवढाच आहे माझ्याकडे. तो त्याच विहिरीत, तू ठरवलंस तसाच वाजवायचा, असं मी मनाशी पक्कं केलं. पण तोवर काकींच्या पुतण्याने, जनार्दनने, विहीर बुजवायचं ठरवलं होतं. त्याला वाईट म्हणू नकोस. पावसाळ्यात त्याच्या मुलीला मलेरिया झाला होता, वर पालिकेची डासांची नोटीस आली होती. त्याचं म्हणणं, विहीर कधीच आटली, खाली नुसता डास पोसणारा कचरा आहे. विहिरीत स्पीकर सोडू देईन, या तुला दिलेल्या शब्दाखातर त्याने मला एक तास दिला. त्यानंतर भराव.

आम्ही पोचलो तेव्हा डंपर डबर भरून कोपऱ्यावर उभाच होता, इंजिन चालू ठेवून! तुझ्या स्टुडिओतले सावंत स्पीकर त्याच्याच केबलने आत सोडत होते. गावातली माणसं एका बाजूला, आमच्या सोसायटीतली दुसऱ्या बाजूला, जणू दोन वऱ्हाडं. मी आत डोकावले. वर वाढलेल्या पिंपळामुळे तळ दिसेना. एक खडा टाकून बघू या, असं सोसायटीतलं कोणी म्हणालं, तर काकींनी असं बघितलं की त्याने खडा खिशात घातला. कासव असलेल्या विहिरीत दगड टाकत नाहीत.

जनार्दनने हात केला आणि ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. विहिरीतून काकींची हाक आली. जुन्या बायका दचकून कठड्याकडे सरकल्या. मग तुझा आवाज. दादा, तो खोलीतल्या टेपवर येतो तसा नव्हता. दगडांना लागून, ओला होऊन वर आला.

टेपनंतर काहीच वाजवायचं नाही, नुसतं विहिरीचं ऐकायचं, असं तू सावंतांना बजावलं होतंस ना? ती शांतता फार जड गेली. जनार्दन घड्याळ बघत होता. तेवढ्यात काकी उठल्या आणि तरातरा घरात निघून गेल्या. मला वाटलं, संपलं. आपण यांच्या रीतीचा तमाशा केला.

काकी बाहेर आल्या त्या काखेत पितळी कळशी घेऊन. ती माझ्यापुढे ठेवली.

“त्यानं हाक मारली हाय,” काकी म्हणाल्या. “मंग घागर कोन सोरनार?”

कोणाकडे दोरी नव्हती. एवढी माणसं जमलेली आणि कळशीपुरती दोरी नाही! शेवटी शाहभाभी समोरच्या बिल्डिंगमधल्या बहिणीकडून कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी सोडवून घेऊन आल्या. काकींनी गाठ मारली. जनार्दन माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, “ताई, खाली पानी न्हाय. उगाच जिवाला लावून घेशीला.”

मी दोरी सोडायला लागले. कळशी कठड्याला घासत खाली चालली होती आणि सगळे ऐकत होते, दोन्ही वऱ्हाडं, ड्रायव्हरसुद्धा. ठण्ण वाजलं असतं तर डंपर पुढे येणार होता, आणि तुझी हाक त्या डबराखाली जाणार होती. दोरी संपत आली. मी पोटाने कठड्यावर वाकले. तू कधी ऐकलं नसशील इतकं मी ऐकत होते.

डुबुक.

मग कळशी भरत गेल्याची गुडगुड, लांबलचक. ओढताना नायलॉनने हात सोलले, पण मी दुसऱ्या कुणाला दोरी दिली नाही. पाणी हिरवं होतं, वास मारत होतं. काकींनी त्याचा थेंब माझ्या डोळ्यांना लावला आणि उरलेलं दारातल्या केळीला घातलं.

जनार्दनने डंपर परत पाठवला. कायमचा की नाही, ते तो सांगत नाही. जाळी बसवू, पण डास झाले तर मी ऐकणार नाही, म्हणाला. जाळीला कळशी जाईल एवढं दार ठेव, एवढं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय.

निघताना त्याने विचारलं, परत कधी येणार? मी म्हटलं, आमच्याकडे रविवारी सुट्टी असते. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, ‘आमच्याकडे’ मी गिरगावला नाही, इथल्याला म्हणाले. तू असतास तर लगेच पकडलं असतंस.

कासव आहे की नाही, माहीत नाही. पण मी दर रविवारी जाईन, दादा. चांगली सुती दोरी घेईन. वाकून तुझ्यासारखीच भिडस्त हाक मारेन, कासवबाईला खाली बसायला वेळ देईन, आणि मगच कळशी सोडेन. तुझी हाक आता रिकामी राहणार नाही.

तुझी,
बेबी
शांती नगर, मीरा रोड