काहिलीत मधी बस

आबा,

इंजिन बंद आहे. वारा धरला की कप्तान शीड चढवतो आणि मला म्हणतो, "आता तुमची सुट्टी." नेव्हीत पंधरा वर्षं इंजिनाशेजारी काढली, तिथं बाजूचा माणूस ओरडला तरी ऐकू यायचं नाही. आता या मालकाच्या शिडाच्या बोटीवर इंजिन सांभाळायला ठेवलंय, तर इंजिनच दिवस दिवस बंद. मंगळूर कधीच मागं पडलं. मालक आणि मालकीणबाई पुढं गाद्या टाकून पडलेत, कप्तान सुकाणूवर आहे, आणि मी खाली केबिनमध्ये तुम्हाला लिहितोय. चारच माणसं आहोत बोटीवर, त्यांतली तीन एकमेकांशी बोलतात.

पहिल्या दिवशी इथं माझी लय फजिती झाली. शिडात वारा भरला तशी बोट एका अंगावर कलली. अशा वेळी सगळ्यांनी वरच्या बाजूला जाऊन काठावर बसायचं असतं, म्हणजे तिकडं वजन पडतं. मी काय केलं? मधोमध तळाला बसलो, गुडघे पोटाशी घेऊन. कप्तान ओरडतोय, "अहो, वर या, वर!" आणि मी जागचा हलत नाही. मालकीणबाई हसून म्हणाल्या, "नेव्हीवाले घाबरले!" घाबरलो नव्हतो, आबा. अंगाला अजून तुमचंच ऐकायची सवय आहे.

महापुरात कृष्णा आपल्या उंबऱ्याला लागली, तेव्हा तुम्ही गुऱ्हाळावरची काहील ओढत आणली होतीत. एरवी तिच्यात उसाचा रस उकळायचा आणि तुम्ही गुळव्या म्हणून घामाघूम होऊन तो ढवळत असायचात. त्या दिवशी तीच आपली होडी. आईला बसवलंत, शेळी बसवलीत, मला बसवलंत, आणि स्वतः छातीभर पाण्यात कडी धरून निघालात. काहिलीला ना पुढचं तोंड ना मागचं, जरा धार लागली की गरागरा फिरते. मला उभं राहून आपलं घर बघायचं होतं. "खाली बस! मधी बस, हलू नगंस!" असे खेकसलात की शेळीसुद्धा बसली. आई त्याही परिस्थितीत फिस्सकन हसली. मी मात्र घर दिसेनासं होईपर्यंत तळाकडं बघत राहिलो.

मग मी नेव्हीत गेलो. दर रविवारी तुमचा फोन यायचा. "जेवलास का?" आणि लगेच, "करमतंय का रं?" मी म्हणायचो, "व्हय आबा, झ्याक." तुम्ही "मग बरं" म्हणून फोन ठेवायचात. सुट्टीवरून निघताना गुळाची भेली फडक्यात बांधून द्यायचात. खाऱ्या हवेत गूळ पाझरतो, फडकं चिकट होतं, सगळ्या बॅगेला तो वास लागतो. यंदा सांगलीच्या पेठेतून मीच एक भेली घेऊन आलो. तशीच पाझरतेय, पण तुमच्या हातची नाही, जरा जास्त शिजलीय. आई गेली, मागोमाग तुम्ही गेलात, माझं लग्नाचं राहून गेलं ते गेलंच. करमतंय का म्हणून विचारणारं आता कोणी नाही, हे कळायलासुद्धा मला वेळ लागला. नुसतं रविवारी काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं.

परवा मालकांनी वर बोलावलं. कोचीला थांबून बोट अंदमानला जाणार, तिथून थायलंडला, आणि पुढं कायमची तिकडंच राहणार. "येतोस का? घरी कोण आहे तुझं?" मी म्हणालो, "कोणी नाही." तर म्हणाले, "म्हणून तर तुला विचारतोय." माणूस चांगला आहे हो, वाईट हेतूनं बोलला नाही. पण ते मला लय लागलं. कप्तान म्हणतो, नशीब काढलंत, असलं निळं पाणी, असली वाळू कुणाला बघायला मिळते? खोटं नाही त्याचं. काल डॉल्फिन बोटीबरोबर पळत होते, एकेक उडी अशी की बघत राहावं. मी मोठ्यानं म्हणालो, "आरारारा, बघा, बघा!" आणि वळून पाहिलं तर शेजारी कोणीच नव्हतं.

आज सकाळी किनारा जवळ आला, मोबाइलला रेंज आली, आणि चुलत वहिनीचा फोन. "भावजी, तुमच्या अंगणातली काहील उलटी करून तिच्याखाली कोंबड्या डालल्यात. चालंल न्हवं? मुंगसांनी लय उच्छाद मांडलाय." मी म्हटलं, चालेल की. "आमचं ह्ये म्हनत हुतं भंगारात घालू. मी म्हटलं, भावजींना इचारल्याबिगर हात लावायचा न्हाई." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "करमतंय का वो तिकडं?" सवयीनं माझ्या तोंडात 'व्हय' आलं होतं. ते बाहेर पडेना. ती हॅलो हॅलो करत राहिली. शेवटी म्हणाली, "आवं, कवा येताय त्ये तरी सांगा," आणि रेंज गेली.

उद्या कोची. मालक परत विचारतील, घरी कोण आहे म्हणून. वहिनीच्या कोंबड्या आहेत म्हणेन, हसू देत. नदीकाठी पाण्याच्या मोटारी काय कमी बिघडत नाहीत, पोटापुरतं काम मिळेल. घराचं कुलूप गंजलं असेल, तेही बघू. हा कागद पोस्टात टाकायचा नाही. भेलीच्या फडक्यात ठेवतो, चिकटून बसेल तिथंच. फक्त एकदा, आबा, काहिलीत उभा राहून सांगतो, खेकसू नका.

न्हाई करमत. तवाबी करमत नव्हतं.