खरकटं ताट

दिव्या,

मी जे. पी. नगरला चंदनामावशीकडं जातेय, चारपर्यंत येते. हे फोनवर लिहिलं नाही, कारण तिथं तू दार न उघडताच हसरं तोंड पाठवतेस आणि मी वेडी ते खरं धरते.

परवा तू माझ्या तांदळाच्या अक्की रोटीचा फोटो टाकलास, 'आईच्या हातची' म्हणून. मावशीनं फोन करून कौतुक केलं, मीही दिवसभर मिरवले. काल तुझ्या खोलीतला कचरा काढताना तीच रोटी पेपरात गुंडाळलेली मिळाली, लोण्यासकट. खाली आदल्या दिवशीचा डोसाही होता. रागावले नाही गं. पण एका घरात राहून तू जेवलीस की नाही हे मी फोनमध्ये बघत होते.

मावशीच्या ओळखीच्या एक डॉक्टरीणबाई आहेत, मनाचं बघतात. तुला चल म्हणत नाही. आज मीच जाऊन विचारून येते, तुझ्याशी बोलायचं कसं ते. तुझ्या अप्पांना मावशीला ताप आहे असं सांगितलंय, तूही तेच सांग.

कट्ट्यावर भात आणि टोमॅटोचं सारू झाकून ठेवलंय. सारू स्वल्प गरम करून घे. फोटो काढू नकोस. घास गेला नाही तर राहू दे पातेल्यात तसंच, लपवू मात्र नकोस.

आणि जेवलीस तर ताट घासू नकोस. तसंच खरकटं मोरीत ठेव. मला आल्या आल्या दिसू दे.

आई