साडेआठशे मीटर खालची ऊब

३ एप्रिल
आले एकदाची जहाजावर! सकाळी शिमिझू बंदर सोडलं. मला एकटीला केबिन, तीही खिडकीची. मागच्या नोकरीत प्रयोगशाळेलासुद्धा खिडकी नव्हती. दुपारी करी-भात आणि मुळ्याचं लोणचं. पाइप खाली सोडणाऱ्या टोळीचे प्रमुख कुमागाई-सान माझ्याच गावचे निघाले, ओफुनातोचे. साठीचे आहेत, आवाज भोंग्यासारखा. मी ओनोदेरांची चिगुसा, समुद्राचा तळ तपासायला आलेय म्हटल्यावर म्हणाले, "तपासायला कसली? भांडायला आलीस म्हण की!"
मी म्हटलं, हो.

१४ एप्रिल
सात किलोमीटर पाणी, त्याखाली साडेआठशे मीटर भोक. आठवडाभर पाइपाला पाइप जोडत गेलो, आणि आज हवी होती ती मातीची कांडी वर आली. तपकिरी चिकणमाती, साबणासारखी बुळबुळीत, माशाच्या खवल्यांसारखी सुटणारी. त्या मार्चच्या भूकंपात हाच थर सरकला आणि समुद्र आमच्या गावात शिरला. आई तेव्हा मासळीच्या शेडमध्ये होती.
हातमोजा काढून मी बोटाने माती दाबली. इतकी मऊ! एवढाच का तुझा रुबाब, असं तिला मोठ्यानेच विचारलं.

१७ एप्रिल
भोकात पन्नास तापमापकांची माळ सोडली. थर सरकताना घासून जी उष्णता झाली, तिच्यातली उरलीसुरली मोजायची. अर्धा अंशसुद्धा नसेल. आकडे बघायचं काम माझ्याकडे.
सगळ्यात खालचा, एक नंबरचा, ३६.८ दाखवतोय. त्याच्या वरचा वीस. प्रमुख शास्त्रज्ञ हिदाका-सेन्सेई म्हणाले, यंत्र बिघडलंय. कुमागाई-सान म्हणाले, "बिघडलं कसलं? ताप नाही, काही नाही, तब्येत ठणठणीत आहे!" सगळे हसले. मीही.

१८ एप्रिल
एक नंबर गार झाला. आता दोन नंबर ३६.८ दाखवतोय.

१९ एप्रिल
सकाळी सहा नंबर. जेवणानंतर अकरा. गरम पाणी वर चढत असतं तर पसरलं असतं, मागे थोडी ऊब ठेवून गेलं असतं. हे मागे काहीच ठेवत नाही. एका वेळी एकच तापमापक. थांबतं. पुन्हा निघतं. सेन्सेईंना कागद दाखवला, तर त्यांनी तो उलटा करून टेबलावर ठेवला.

२० एप्रिल
चोवीस नंबर. आणि एक नंबर पुन्हा ३६.८. मागून दुसरं निघालंय.
संध्याकाळपर्यंत खाली चार झाली.
भोक सिमेंटने बुजवा, असं मी सरळ सांगितलं. सेन्सेई म्हणाले, किनाऱ्यावरून परवानगी येऊ दे. कुमागाई-सान मात्र अंगावरच आले. म्हणाले, इतक्या वर्षांनी कुणी वर येतंय आणि तू त्यांच्या तोंडावर सिमेंट ओततेस? त्यांची बायको, सावा-सान, त्या लाटेनंतर सापडलीच नव्हती. मला हे आजच कळलं.
मी म्हटलं, "माझी आई सापडली होती, कुमागाई-सान. तिचे हात मी धुतलेत. गार होते. आपली माणसं गार झाली. हे जे कोमट आहे ना, ते आपलं कुणी नाही."
ते पाठ फिरवून निघून गेले.

२१ एप्रिल, सकाळ
सगळ्यात पुढचं त्रेचाळिसावर. मागे नऊ. परवानगी नाही. सेन्सेई चहाचा पेला दोन्ही हातांनी धरून बसलेत, म्हणतात थांबू या. मी नाही थांबणार. नोकरी गेली तर गेली.
पंपघरात गेले, तर कुमागाई-सान आधीच तिथे. डोळे सुजलेले. मला एवढंच विचारलं, "किती पोती?"

दुपारी १
सिमेंट सोडलं. पोचायला तास लागेल. शेहेचाळीस. अठ्ठेचाळीस. अरे, पोच ना लवकर —

दुपारी २.१०
बसलं! भोक बंद. खालची सगळी सिमेंटखाली. पुढे सरकत नाहीत. चढा आता, किती चढता ते बघते.
पण पन्नास नंबर — भोकाच्या तोंडावरचा — सिमेंट पोचायच्या आधीच कोमट झाला होता. आता गार आहे.
म्हणजे एक निसटलं. आणि भोकाच्या तोंडापासून जहाजापर्यंत पाइपाशिवाय दुसरी वाट नाही.

३.४०
पाइपाच्या वरच्या टोकाची झडप बंद केली. सगळ्यांना डेकवरून घालवलं. लख्ख ऊन आहे. पाइपाला हात लावला. कोमट. अंगाइतका. उन्हाने नाही — सावलीच्या बाजूनेही —

३.५५
झडपेचं चाक वळतंय. आतून. हळू, उघडण्याच्या बाजूला — डाव्या हाताने धरलंय, उजव्याने लिहितेय. माझ्या गावात एकदा शिरलास. पुन्हा नाही.

४ वाजता
कुमागाई-सान आले. काय करायला, कळेना. मी ओरडले. त्यांनी चाकावर माझ्या हाताशेजारी हात ठेवला आणि जोर लावला — बंद करण्याच्या बाजूला. दात आवळून म्हणाले, "सावा असती तर दार ठोठावून आली असती."
वळतंय अजून. दोघांचा जोर पुरत नाही. उजवा हातही लागणार. वही खाली ठेव—