आई मिठावरून चालत गेली होती

बाबा, होळीच्या आधी आईला घेऊन कच्छच्या छोट्या रणात जाऊन आले. तुम्ही जिथे जीप रुतवलीत, तिथे. नेमकी तीच जागा होती असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, रणात खूण ठेवायला काही नसतंच. पण आई गाडीतून उतरली, चपलेच्या टोकाने मीठ थोडं उकरलं आणि म्हणाली, "इथंच. नाय तर इथंच समज." तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तुम्ही समोर असताना जे बोलायची हिंमत झाली नाही ते आता बोलण्यात काही मोठेपणा नाही, हे मलाही कळतं. तरी लिहितेय.

मी गेल्या वर्षी फोर बाय फोर गाडी घेतली. तुम्ही असतात तर आधी खाली वाकून तिचं पोट बघितलं असतंत, मग चाकांवर लाथ मारून बघितली असतीत. करंजाड्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती सगळ्यात मळकी गाडी आहे. रविवारी मी कर्जतच्या बाजूला, कधी पेणच्या पलीकडे, डांबर सोडून आत जाणाऱ्या वाटा शोधत फिरते. तुम्ही गुराख्यांना विचारायचात, ट्रॅक्टरवाल्यांना थांबवायचात, कुठल्याही चाकोरीत जीप घालून बघायचात. मी आकाशातून काढलेले नकाशे फोनवर मोठे करून बघते, त्यातली बारीक पांढरी रेघ गाडीवाट आहे की ओढा हे ओळखायला शिकले आहे. कोणी आधी जाऊन आलं असेल तर त्याने वाट जपून ठेवलेली असते, ती उतरवून घेते. पद्धत वेगळी, खाज तीच. हे लिहिताना मला बरं वाटत नाही.

यंदा मोठी रजा मिळाली. पनवेलहून निघून डांगच्या जंगलातून कच्छ, तिथून जैसलमेरच्या पुढची वाळू, आणि शेवटी हिमाचल, होता होईल तितकं हायवे टाळून, असा बेत मी जेवणाच्या टेबलावर आखत बसले होते. तो बेत माझा नव्हताच, तुमचा होता. "समुद्रापासून बर्फापर्यंत", तुम्ही म्हणायचात. आई शेजारी बसून वालाच्या शेंगा सोलत होती. तिने मान वर न करता विचारलं, "मना नेशील?" मी म्हटलं, आई, तुझी कंबर, तुझे गुडघे, रस्ता नसेल धड. ती म्हणाली, "रस्ता नसलेलं मना ठावं हाय."

तुम्हाला आठवत असेल. मी अकरा वर्षांची होते. जमीन सरकारने घेतली होती, मिठागरं तर आजोबांच्या वेळीच गेली होती, आणि तुम्ही कंटेनरच्या ट्रेलरवर ड्रायव्हर होतात. न्हावा शेव्याहून जासई, जासईहून न्हावा शेवा. दिवसभर पुढच्या लॉरीचा मागचा दिवा बघत बसायचं, इंच इंच पुढे सरकायचं. घरी आलात की तुमच्या अंगाला डिझेलचा वास आणि तोंडात एकच वाक्य: "रस्ता म्हनजे तुरुंग हाय." मग एक दिवस तुम्ही ती जुनी जीप आणलीत. हिरवा रंग उडालेला, वर ताडपत्रीचं छप्पर, दार लावलं तरी उघडं. मला तुम्ही मांडीवर बसवून स्टिअरिंग धरायला दिलं होतं. तो दिवस मी तुमच्या बाजूने लिहून ठेवते, कारण तसे दिवस फार नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत आपण तिघं निघालो. डांबर संपलं की तुम्ही शीळ घालायचात. डांगच्या जंगलात ओढ्यातून जीप घातलीत तेव्हा मीही ओरडले होते आनंदाने. आई मागे भांड्यांच्या गोणीला धरून बसलेली असायची. कुठेही थांबलो की स्टो काढायचा, भात टाकायचा, सोबत आणलेलं सुकट परतायचं, भांडी मातीने घासायची, पुन्हा गोणीत भरायची. तिला उलट्या होत होत्या. मला वाटायचं गाडी लागते. तिला दिवस गेले होते हे मला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं.

रणाच्या काठावर चहाच्या टपरीवर तो म्हातारा भेटला. आत अजून ओल आहे, वरून कोरडं दिसतं पण खाली चिखल आहे, महिनाभर थांबा, असं तो गुजरातीत पुन्हा पुन्हा सांगत होता. तुम्ही हसलात. "आमी मिठागरातली मानसं. मना मीठ शिकवतो." आणि आपण आत गेलो. खरं सांगते बाबा, ते फार सुंदर होतं. चारी बाजूंना काही नाही, पांढरी जमीन, वर आभाळ, आणि मधे आपली जीप धावतेय. मग पुढची चाकं खपली फोडून आत गेली. तुम्ही मागे घ्यायला बघितलं तशी मागचीही गेली. जितका जोर लावला तितकी जीप खाली बसली, शेवटी पोटच टेकलं.

फोन त्या काळी नव्हतेच. पाण्याचा एक कॅन होता, तो अर्धा झाला होता. लांब कुठेतरी मीठ पिकवणाऱ्यांच्या झोपड्यांसारखं काहीतरी काळं दिसत होतं. आई म्हणाली, चालत जाऊ. तुम्ही स्टिअरिंगवर बसून होतात. मला म्हणालात, "सामानाजवल कोनतरी पायजे ना, बाय. तुमी व्हा पुढं." आणि आईने माझा हात धरला.

मी आताही ते चालते आहे. मिठाची खपली पायाखाली कुरकुरते आणि मोडते, कडा घोट्याला लागतात. आईची चप्पल चिखलात राहते, ती काढायला वाकत नाही, तशीच अनवाणी पुढे जाते. पुढे पाणी दिसतं. मी म्हणते, आई, पाणी! ती म्हणते, हां, चल. जवळ गेलं की पाणी नाही. पुन्हा पुढे पाणी. ऊन डोक्यावर आहे आणि तिने पदर माझ्या डोक्यावर टाकलाय, स्वतःच्या नाही. मधेच ती थांबते, पोटाखाली हात धरून उभी राहते, मग पुन्हा चालते. झोपडीतल्या बाईने आम्हाला बघितलं आणि ती धावत आली, तेव्हा आई पहिलं काय बोलली असेल? स्वतःसाठी पाणी नाही मागितलं. "गाडी हाय. मानूस हाय गाडीत." ती मराठीत बोलत होती, ती बाई गुजरातीत, आणि दोघींना सगळं कळत होतं.

त्यांच्या ट्रॅक्टरने जीप निघाली. रात्र व्हायच्या आत आपण तालुक्याच्या गावी पोचलो आणि आईला सरकारी दवाखान्यात घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स बाहेर येऊन गुजरातीत विचारत होती, बरोबर कोण आहे? मी होते. तुम्ही गॅरेजमध्ये होतात. मीठ लोखंड खातं, जीप आत्ताच्या आत्ता धुतली नाही तर खालून सडेल, म्हणून तुम्ही पाइप लावून जीप धूत होतात. मिठागरातलं माणूस, तेवढं तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. नर्सने मला बाकावर बसवून बिस्किटं दिली. आत काय झालं ते मला बऱ्याच वर्षांनी कळलं. तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "झालं गेलं. आता त्या इषयावर नाय बोलायचं." आपण परत फिरलो. सगळ्या वाटेभर तुम्ही डांबर सोडलं नाही.

इथवरही मी तुम्हाला कदाचित सोडून दिलं असतं. माणसाच्या हातून होतं. पण पुढे तुम्ही ती गोष्ट सांगायला लागलात. हळदीला, साखरपुड्याला, ओटीवर चार पाहुणे बसले की, "रणातला सांगा ना." आणि तुम्ही सांगायचात. गाडी रुतली. बायको-पोरीला सावलीत बसवलं. आणि मी चालत निघालो. बाबा, *मी* चालत निघालो! मिठाने पाय कसे कापले, चप्पल कशी चिखलात राहिली, पुढे पाणी दिसायचं आणि जवळ गेलं की नाही, हे सगळं तुम्ही सांगायचात. ते तुम्हाला आईने सांगितलं होतं, दवाखान्यात पडल्या पडल्या. तुम्ही तिचे पायसुद्धा घेतलेत.

मी चौदा वर्षांची असताना एकदा पाहुण्यांसमोर बोलले. "बाबा नाही, आई चालत गेली होती." ओटीवर कोणीतरी हसलं. तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "तुना कोनी इचारलं? आत जा." मी आत गेले. आई चुलीपाशी बोंबील तळत होती. तिने ऐकलं होतं. तिच्या हातातला कालथा एवढासाही थांबला नाही. मला वाटलं ती मला जवळ घेईल, निदान बघेल तरी. ती म्हणाली, "ताटं घे." तुमचा राग मी तेव्हाच धरला, पण तिचाही धरला, आणि तो पुष्कळ वर्षं बाळगला.

यंदा रण वाळून टणक होतं. मी टपरीवर विचारलं, दोन ट्रॅक्टरवाल्यांना विचारलं, फोनवरची वाट पुन्हा तपासली आणि मगच गाडी आत घातली. आई पुढच्या सीटवर बसली होती. कुठेतरी मधे तिने थांबायला सांगितलं. उतरली, मघाशी सांगितलं तसं मीठ उकरलं, आणि मग कमरेवर हात ठेवून कितीतरी वेळ चारी बाजूंना बघत राहिली. मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, "केवढं चांगलं दिसतंय गं. तवा मी बगितलंच नवतं. खाली बगून चालत व्हते."

मी विचारलं, त्या दिवशी बाबा सामानासाठी थांबले ते बरोबर होतं का?

"सामान?" ती हसली. "ते तुज्यासमोर बोलले. मी म्हटलं चला, तर म्हनाले, मना नाय जमत. हात सुटत नवते त्यांचे स्टेरिंगवरनं. घाबरलेले. तुना झोपडीत ठेवून आमी ट्रॅक्टर घेऊन आलो तवा पन तसेच बसलेले, रडून रडून डोले सुजलेले."

"आणि तू कधी कोणाला बोलली नाहीस?"

"मानूस घाबरला, त्यात काय सांगायचं जगाला? मना पन भ्या वाटलं व्हतं." मग तिने वाकून मिठाचा एक खडा उचलला, बघितला, टाकून दिला. "पन चाललेली तं मी व्हते. तेवढं तरी माज्याकडं ठेवायचं व्हतं त्यांनी."

बाबा, तिने तुमची लाज एवढी वर्षं पदराखाली झाकली. तुम्हाला ते माहीत होतं. ती उघड करणार नाही याची खात्री होती, म्हणूनच तर तुम्ही तिची गोष्ट बिनधास्त उचललीत. तुम्ही घाबरलात ते मी माफ करू शकते, खरंच. जीप धुतलीत तेही, कदाचित दवाखान्याच्या दारात उभं राहायचीही भीती वाटली असेल तुम्हाला. पण प्रत्येक हळदीला, ती आत पाहुण्यांचा स्वयंपाक करत असताना, तिच्या कानावर पडेल एवढ्या मोठ्या आवाजात तुम्ही ते सांगायचात. त्याला मी काय नाव देऊ? मला सापडत नाही, आणि शोधायचंही नाही.

मी तिला विचारलं, परत फिरायचं का? ती म्हणाली, "परत कशाला? तवा इथनंच फिरलेलो. पुढं चल." आम्ही पुढे गेलो. वाळूतून गेलो, नदीच्या कोरड्या पात्रातून गेलो, एकदा वाट चुकून एका शेतकऱ्याच्या अंगणात पोचलो आणि तिथे ताक पिऊन परत फिरलो. हिमाचलात एका कच्च्या वाटेच्या शेवटी बर्फ होतं, जुनं, मातकट झालेलं. आईने त्याला हात लावला आणि म्हणाली, "मिठासारखंच हाय," आणि शाल घट्ट करून गाडीत जाऊन बसली. तुमचं समुद्रापासून बर्फापर्यंत तिने पुरं केलं. तुम्ही कुठे असाल तिथे हे तुम्हाला लागावं, असं मला वाटतं.

हे पत्र कुठे जाणार नाही. आईलाही दाखवणार नाही. फक्त एक सांगायचं राहिलं. रणातला एक फोटो मी घरच्यांच्या ग्रुपवर टाकला होता: पांढरं मीठ, गाडी, बॉनेटला टेकून मी. काका, आत्या, चुलत-आते भावंडं, सगळ्यांनी लिहिलं, अगदी बापावर गेलीय. मी वाचून खूश झाले. प्रत्येकाला अंगठा दिला. आई बरोबर होती हे कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. घरी आल्यावर फोटो पुन्हा बघताना ध्यानात आलं, तो तिने काढला होता. म्हणून ती त्यात नाही.