धाकटी

२८ ऑगस्ट
पुण्यातली नोकरी सोडून आज बंगळुरात राजाजीनगरला, सासरी, कायमची राहायला आले. घर हसतंखेळतं. सासूबाईंचं, सकवारबाईंचं, मराठी अर्धं कानडी. थोडं म्हणजे ‘स्वल्प’, बरं म्हणजे ‘सरी’. दारातच त्यांनी माझ्या केसांत मोगरा माळला आणि मला ‘धाकटी’ म्हणाल्या. गौरी तीन दिवसांवर. आईकडे मी कधी समई घासली नाही, इथे गाणी म्हणत चिंचेने सगळी चांदी-पितळ घासली.

२९ ऑगस्ट
घासता घासता डोक्यात आलं, माझा नवरा शंभूराज तर एकुलता एक. मग मी धाकटी कशी? विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, थोरली माळ्यावर आहे. मला हसू आलं. त्यांनी पेटी उतरवली. आत गौरीचा एकच मुखवटा, भुवईवर जुना व्रण असलेला. धाकटीचा चामराजपेटेत रंगतोय म्हणे.

३० ऑगस्ट
शेजारच्या सत्यवतीअक्का मुखवटा पाहून म्हणाल्या, अगदी रक्षिताच. कोण रक्षिता? शंभूराजची पहिली बायको! दोन वर्षांपूर्वी गौरीविसर्जनाच्या दिवशी नाहीशी झाली. त्याला जाब विचारला. म्हणाला, सांगितलं असतं तर तू आली नसतीस. आयुष्यात एवढं एकच खरं बोलला मेला.
आईला फोन केला, मला घेऊन जा म्हटलं. ती म्हणाली, सणासुदीला घर सोडतात का? गौरी झाल्या की ये. गौर तीन दिवस माहेरपण भोगते आणि मला एक दिवस नाही.

३१ ऑगस्ट. आवाहन
नवा मुखवटा आला. हनुवटीवर तीळ आहे. माझाच.
मीच कुंकवाच्या पावलांवरून गौरी आत आणल्या. आणणारीने त्या बसेपर्यंत बोलायचं नाही, अशी इथली रीत. दोघी बसल्या. माझं तोंड उघडेना —

१ सप्टेंबर
गाल कडक झालेत. ओल्या रंगाचा वास येतोय, माझ्याच अंगाला. बायकांनी हळदीकुंकू गौरींना नाही, मला लावलं. धाकटी छान बसलीय म्हणाल्या.
शंभूराजने आईला व्हिडिओ कॉल लावून दिला. मी नुसती बघत राहिले, डोळ्यांनी सांगत — आई म्हणाली, किती तेज आलंय गं चेहऱ्यावर!

२ सप्टेंबर
विसर्जन. हात अजून चालतोय म्हणून — शंभूराज इकडे बघत नाही — सासूबाई अक्षता घेऊन आल्या, माझ्यासमोर बसल्या. मुखवटा स्वल्प हलवला की झालं, म्हणतात — त्यांचे दोन्ही हात माझ्या हनुवटीखाली —
आई, गौरी झाल्या. आता मी ये