पदराखालचा हात

माय,

दाराची कडी वाजली की मी अजून दचकते. उघडून पाहावं तर पोस्टमन असतो, नाहीतर शेजारची सून विरजण मागायला आलेली असते, आणि मग मी उगीचच हसते. तुला जाऊन कितीतरी वर्षं झाली. तुझी भांडी वाटून टाकली, लुगडी गोधड्यांत गेली, ही भीती तेवढी जशीच्या तशी माझ्या वाट्याला राहिली. तुला वाचता येत नव्हतं, हे मला ठाऊक आहे. तू असतीस तरी हे मीच तुला वाचून दाखवलं असतं, आणि तू मधेच उठून चुलीवर काय उतू चाललंय ते पाहायला गेली असतीस.

तुझा हात गिरणीत गेला ते आणीबाणीच्या आधीचं साल. मी चौथीत होते. बाबा तर मला आठवतही नाहीत, म्हणजे कमावणारी तू एकटी. सुताच्या लडी करणाऱ्या बायकांत तुझा हात सगळ्यांत चलाख, असं तुझ्या मैत्रिणी सांगायच्या. त्या दिवशी सुटीचा भोंगा व्हायच्या आधीच त्यांनी तुला दवाखान्यात नेलं आणि मला कोणीतरी वर्गातून उचलून आणलं. यंत्राच्या पट्ट्यानं उजव्या हाताची दोन बोटं नेली होती. बाकीची दोन आणि अंगठा शाबूत होते, पण आखडलेले. खाटेवरून तुझा पहिला प्रश्न, "जेवली का वं पोरी?" मी रडत होते आणि तू मला जेवणाचं विचारत होतीस, याचा मला तेव्हा राग आला होता.

पगारातून कामगार विम्याची वर्गणी कापली जायची म्हणून तू कायम कुरकुर करायचीस. आता तोच विमा महिन्याच्या महिन्याला आपल्याला पैसे देऊ लागला. खोलीचं भाडं, ज्वारी, रॉकेल, माझी शाळा, सगळं त्याच्यावर. पण विम्याच्या कचेरीतल्या कारकुनानं बजावलं होतं की हे तात्पुरतं आहे. पुढे नागपूरला डॉक्टरांचं बोर्ड बसेल, हात कितपत कामातून गेला ते ठरवेल, आणि त्यावर पुढचे पैसे. शेजारच्या काकूनं त्यात तेल ओतलं. कुठल्याशा गावी एका लंगड्या माणसाला विम्याच्या साहेबानं सायकलवर पाहिलं आणि त्याचे पैसे बंद झाले म्हणे. "तुमी बी जपून राहा वं," ती म्हणाली. कोणतं गाव, कोणता माणूस, ते तिला सांगता येईना. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो त्या दिवशी आपल्या खोलीत मुक्कामाला आला.

आणि नेमका तेव्हाच तुझा हात सुधारत होता. दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं होतं की बोटं रोज हलवा, नाहीतर लाकूड होईल हाताचं. तू पिठाचा गोळा दाबत बसायचीस. दात आवळून, पण बोटं थोडी थोडी उघडायला लागली होती. एकदा वडनेरहून मामा आला तेव्हा तू त्याला स्वतः थापलेली भाकर वाढलीस. भाकर वाकडीतिकडी होती. मामाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तू त्याला म्हणालीस, "तिखट जास्त झालं का रे?"

मग एका दुपारी साहेब आला. पांढरा बुशशर्ट, काखेत बॅग. "विम्याच्या कचेरीतून आलोय, चौकशीला," असं तो दारातच म्हणाला आणि मी दाराआड सरकले. तू मात्र, "या जी साहेब, बसा," म्हणत सतरंजी टाकलीस आणि थेट स्टोव्हकडे वळलीस. मी साहेबाच्या पाठीमागून डोळे वटारतेय, मान हलवतेय, तू पाहत नाहीस. "राहू द्या बाई," तो म्हणतो. "असं कसं जी? घरी आलेला माणूस," तू म्हणतेस. स्टोव्ह तू डाव्या हातानं पेटवलास, सांडशी डाव्या हातानं धरलीस, चहा गाळलासही डाव्या हातानं. माझ्या जिवात जीव येऊ लागला. आणि कप द्यायची वेळ आली तेव्हा तू थांबलीस, बशी डावीकडून उजव्या हातात घेतलीस, अंगठ्यात आणि त्या दोन बोटांत धरलीस आणि साहेबापुढे केलीस.

कप थरथरत होता. बशीत चहा सांडत होता. मी देवाजवळ मागत होते, पडू दे, हा कप पडू दे, फुटू दे. जन्मात मी इतक्या मनापासून काही मागितलं नसेल. कप पडला नाही. साहेबानं तुझ्या हाताकडे पाहिलं, चहा प्यायला, चांगला झालाय म्हणाला, दोन-चार प्रश्न विचारले आणि गेला.

"काऊन दिला उजव्या हातानं?" मी ओरडलेच. "आता पैसे बंद करतीन ते!"

तू माझ्याकडे अशी पाहत राहिलीस की जणू मीच खुळी. "मंग पाहुण्याले का डाव्या हातानं देऊ?" म्हणालीस. पण म्हणता म्हणता तुझा चेहरा उतरला. आपण काय करून बसलो ते तुला तेव्हा कळलं, आणि तू तो हात पदराखाली घेतलास.

तो मग बाहेर आलाच नाही. आधी लोकांसमोर, मग घरातही. भिंती पातळ, काकूची खिडकी आपल्या दारासमोर. पिठाचा गोळा बंद झाला. भाकरी मी थापू लागले. रस्त्यानं कोणी बॅगवाला दिसला की आपण दार ओढून घ्यायचो. पोस्टमन आपल्या दारावरून पुढे गेला की तू देवापुढे हात जोडायचीस, तेही एकाच हातानं.

बोर्डाचं बोलावणं आलं. वर्ध्यापर्यंत पॅसेंजर, तिथून दुसरी गाडी, आणि सगळ्या वाटेनं मी तुला पढवतेय. "कसं काय, असं डॉक्टरनं इचारलं तर काय सांगशील?" तू म्हणतेस, "बरं हाय जी." "माय!" "मंग का रडगाणं गाऊ त्याच्यापुढं?" आणि आत गेल्यावर मोठ्या टेबलामागच्या डॉक्टरनं विचारलं, तर तू तेच म्हणालीस, बरं हाय जी. डॉक्टरनं तुझा हात पदरातून काढून घेतला आणि बोटं उघडायचा प्रयत्न केला. उघडली नाहीत. जोर लावला तेव्हा तू कळवळलीस. "बाई, व्यायाम केला नाही का?" त्यानं विचारलं. तू फरशीकडे पाहत राहिलीस. मीही.

पुढे कचेरीत कारकुनानं सांगितलं की पैसे आता जन्मभराचे झाले, तेही वाढून. "आता हातानं काई बी करा बाई, कोनी कमी करू शकत नाई." तू दोनदा विचारलंस, "पक्कं ना जी?" मग भीत भीत मी त्या चहा प्यायलेल्या साहेबाचं विचारलं. कारकून हसला. "तो? तो तं निस्ता पत्ता बराबर हाय का, ते पाहाले आलता."

आपण घरी चालत आलो. वाटेत तू पदराखाली काहीतरी करत होतीस. बोटं उघडून पाहत होतीस, हे मला कळलं, आणि मी दुसरीकडे बघत राहिले. तरीही तू तो हात पुढे कधी लोकांसमोर काढला नाहीस. "कोनाचा काय भरवसा," म्हणायचीस. त्याच पैशांवर मी शिकले, शाळेत नोकरीला लागले, आळीत पहिला टीव्ही आला त्या वर्षी तू गेलीस. तुला शेवटची आंघोळ घालणाऱ्या बायकांनीही तो हात पदरानं झाकला. त्यांना वाटलं, तुझी तशीच इच्छा असेल.

हे सांगायचं कारण एवढंच. मागच्या महिन्यात मी अंगणात पडले, उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, बोटं आखडलीत. डॉक्टरनं रबरी चेंडू दाबायला दिलाय. माझी पेन्शन बँकेत आपोआप येते. माझा हात सुधारला काय, नाही काय, कोणाला त्याचं घेणंदेणं नाही. तरी चेंडू हातात घ्यायच्या आधी मी उठते, दाराला कडी लावते, खिडकी ओढून घेते. हे मी घरात कोणाला सांगितलेलं नाही.

आज सकाळी मी चेंडू दाबत बसले होते आणि कडी वाजली. मी हात पदराखाली घेतला. दूधवाला होता. दुधाचं पातेलं मी त्याच्यापुढे डाव्या हातानं धरलं, माय.